शस्त्रक्रियेनंतरचे तापमान : एकाच रुग्णाचे दोन आकडे, विश्वास कशावर ठेवावा?

प्रश्न : रातपाळी

सर्वांना नमस्कार. गेल्या आठ महिन्यांपासून मी सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून काम करते आहे. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वॉर्डात आला की नाडी, रक्तदाब, श्वसन, ऑक्सिजन आणि तापमान यांची नोंद करणे आता हाताच्या सवयीचे झाले आहे. परंतु या पाचांपैकी तापमानाविषयी मनात जेवढा गोंधळ आहे, तेवढा दुसऱ्या कशाविषयी नाही. दोन प्रसंग सांगते.

मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेले सत्तरीतले एक आजोबा रिकव्हरी रूममधून आमच्याकडे आले. सोबतच्या कागदावर तापमान ३६.३ अंश सेल्सियस लिहिले होते आणि ते कानात धरायच्या थर्मामीटरने घेतलेले होते. मी काखेत मोजले तेव्हा ३५.२ आले. छातीला हात लावला तर ती कोमट होती, पण तळपाय गारठलेले होते आणि आजोबांचे दात एकमेकांवर वाजत होते. मी विचारले तेव्हा ‘ऑपरेशननंतर थोडी थंडी वाजतेच, ब्लँकेट घाला’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच आजोबांना ३८.२ अंश, म्हणजे जवळजवळ १००.८ फॅरनहाइट ताप आला. मी धावत जाऊन कळवले, तर सर्जन शांतपणे आले, पोट तपासले, श्वास मोजला आणि ‘लक्ष ठेवा’ म्हणून निघून गेले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका रुग्णाला सहाव्या दिवशी फक्त ३७.८ होते, तेव्हा मात्र त्याच सर्जननी लगेच ड्रेसिंग उघडायला लावले आणि रक्ताच्या तपासण्या पाठवल्या.

जास्त तापाला शांतता आणि कमी तापाला धावपळ, हे कसे? शिवाय कान आणि काख यांत एका अंशाहून अधिक फरक पडला तर कोणता आकडा खरा धरावा, आणि किती वेळाने पुन्हा मोजावे, हे कृपया समजावून सांगावे.

उत्तर : भूलशास्त्र

मी भूलतज्ज्ञ आहे. तुमच्या पहिल्या प्रसंगाविषयी लिहितो. तापाचा भाग सर्जन मंडळींनी सांगावा.

आजोबा गार का पडले, येथून सुरुवात करू, कारण ते एकदा कळले की मोजण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. शुद्धीत असलेल्या माणसाचे शरीर आपली ऊब धड आणि डोके यांच्या आतल्या भागात राखून ठेवते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात, म्हणून ते भाग नेहमीच थोडे गार असतात. भूल दिली की हा पहारा उठतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब हातापायांकडे वाहू लागते. त्यामुळे पहिल्या तासाभरातच आतले तापमान साधारण १ ते १.५ अंशाने उतरते, आणि यातली बरीचशी उष्णता शरीराबाहेर गेलेलीही नसते, केवळ जागा बदललेली असते. त्यानंतर उघडे पोट, ऑपरेशन थिएटरमधली गार हवा, गार सलाइन यांनी खरी घट सुरू होते. खोलीच्या तापमानाचे एक लिटर सलाइन प्रौढ माणसाचे सरासरी तापमान पाव अंशाने खाली आणते, एवढे लक्षात ठेवले तरी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण का कुडकुडतो याचे गणित जुळते.

आतले तापमान ३६ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८ साली या विषयावर प्रौढ रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यांनुसार रिकव्हरी रूममध्ये आल्याबरोबर आणि नंतर दर १५ मिनिटांनी तापमान मोजायचे, आणि ते ३६ झाल्याशिवाय रुग्णाला वॉर्डात पाठवायचे नाही. वॉर्डात पोहोचल्यावर एकदा आणि पुढे दर ४ तासांनी मोजायचे. वॉर्डात ते ३६ च्या खाली आढळले तर गरम हवेच्या ब्लँकेटने, म्हणजे यंत्राने गरम हवा सोडायच्या ब्लँकेटने, रुग्णाला ऊब द्यायची आणि ऊब देत असेपर्यंत निदान दर अर्ध्या तासाने मोजत राहायचे. तुमचे आजोबा ३५.२ वर होते, तेव्हा साधे ब्लँकेट घालून चार तासांनी पुन्हा येणे पुरेसे नव्हते. कापडाचा एक थर उष्णतेची गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी करतो, पण गेलेली ऊब तो परत आणत नाही.

आता कान की काख? तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल, पण या प्रसंगात मी तुमच्या काखेवर अधिक विश्वास ठेवला असता. कानात किंवा कपाळावर धरायची इन्फ्रारेड साधने तापमानाचा अप्रत्यक्ष अंदाज देतात. कानात मळ असला, नळी थोडी तिरकी झाली की आकडा चुकतो, आणि म्हणून शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी त्यांचा वापर करू नये असे त्याच २०१६ च्या सुधारणेत म्हटले आहे. काख, जिभेखालची जागा, मूत्राशय, अन्ननलिकेचा खालचा भाग या जागा त्यात ग्राह्य धरल्या आहेत. काखही नीट धरली नाही तर खोटे बोलते, आणि ते बहुधा कमी बाजूला. त्यामुळे मी असतो तर लगेच जिभेखाली एकदा मोजून पाहिले असते. पण खरे सांगायचे तर दात वाजत असताना आणि पाय गार असताना दोन थर्मामीटरांचा वाद मिटण्याची वाट पाहायची गरजच नव्हती. ऊब आधी सुरू करायची.

‘थोडी थंडी वाजतेच’ हे वाक्य मला फार खटकते. हुडहुडीत शरीराची ऑक्सिजनची गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते, आणि ज्याचे हृदय आधीच अधू आहे त्याला हा भार पेलवेल असे धरून चालता येत नाही. गार शरीरात रक्त नीट गोठत नाही, भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांचा असर लांबतो, टाक्यांना ओढ बसून दुखणे वाढते. जखमेच्या संसर्गाविषयी १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या विषयात फार गाजला : मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांपैकी ज्यांना उबदार ठेवले त्यांच्यात ६ टक्के, आणि जे सुमारे ३४.७ अंशांपर्यंत गार पडले त्यांच्यात १९ टक्के जखमा चिघळल्या. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२२ साली पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेदरम्यान ३५.५ आणि ३७ अंश राखलेल्या गटांची तुलना झाली, तेव्हा हृदयाच्या किंवा संसर्गाच्या गंभीर गुंतागुंतींत फरक दिसला नाही. म्हणजे ३५.८ पाहून घाबरून जायचे नाही, मात्र ३५.२ आणि हुडहुडी असलेल्या वृद्ध माणसाकडे दुर्लक्षही करायचे नाही.

एक इशारा राहिला. कमरेतून भूल दिलेल्या रुग्णाला पायांत संवेदना नसते, त्यामुळे तो गार पडलेला असतानाही ‘मला थंडी वाजत नाही’ असे सांगतो. तेव्हा विचारून नव्हे, मोजूनच ठरवावे. आणि अशा बधिर पायांशी गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये. भाजल्याचे त्याला कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो.

उत्तर : जुनी सिस्टर

मी वॉर्ड इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. वर डॉक्टरांनी म्हटले की काख नीट धरली नाही तर खोटे बोलते, तर ‘नीट’ म्हणजे काय ते मी सांगते, कारण हे शिकवायला आता कोणाला वेळ नसतो.

काख आधी कोरडी करावी, पण खसाखसा पुसू नये, टिपून घ्यावी; ओली काख गार असते आणि घासलेली काख गरम होते. थर्मामीटरचे टोक खळगीच्या अगदी मध्यावर, वरच्या बाजूला टेकवावे, मधे गाऊनची घडी येत नाही ना ते पाहावे, मग रुग्णाचा दंड अंगाशी लावून हात छातीवर आडवा ठेवावा. भुलीच्या गुंगीतला रुग्ण हात सैल सोडतो, म्हणून त्याचा कोपर आपण धरून ठेवावा. डिजिटल असेल तर आवाज येईपर्यंत, आणि जुना काचेचा असेल तर पुरती पाच मिनिटे तरी. ज्या बाजूला गरम हवेच्या ब्लँकेटचा झोत आहे ती काख मोजायला घेऊ नये. तोंडात मोजायचे तर जिभेखाली मागच्या बाजूच्या खाचेत, आणि रुग्णाने गरम किंवा गार काही प्यायले असेल तर निदान १५ ते २० मिनिटे थांबून. तोंडाने धापा टाकणाऱ्या रुग्णाचे तोंडातले तापमान कमी येते. कानाचाच थर्मामीटर हाताशी असेल तर ज्या कुशीवर रुग्ण निजला होता तो कान घेऊ नये, उशीची ऊब त्यात मोजली जाते.

आकड्याशेजारी जागा लिहावी : काख, तोंड, कान, जे असेल ते. सकाळी काखेत, दुपारी कानात आणि रात्री तोंडात मोजून काढलेला आलेख रुग्णाचा नसतो, तो थर्मामीटरांचा असतो. एका रुग्णाला एकच जागा आणि शक्य तर एकच साधन.

याहून महत्त्वाचे आहे ते पॅरासिटामॉल. आता बहुतेक रुग्णांना वेदनेसाठी ते ठरावीक तासांनी सुरूच असते, त्यामुळे ताप दबतो आणि चार्ट सपाट दिसतो. तापमानाच्या नोंदीखाली औषधाची वेळ लिहिण्याची पद्धत मी माझ्या वॉर्डात लावली होती. ती का लावली ते सांगते. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट आहे. रात्री अकराला एका बाईंना पॅरासिटामॉल दिले, साडेबाराला तापमान मोजले, ते ९८.४ आले आणि मी समाधानाने पुढच्या खाटेकडे गेले. त्यांचा श्वास मिनिटाला अठ्ठावीस चालला होता आणि नाडी एकशे वीस होती. दोन्ही मीच लिहिले होते, त्याच पानावर, त्याच पेनाने, पण नजर ९८.४ वर होती. पहाटे त्यांना पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागले. आतड्याचा जोड गळत होता. त्या वाचल्या, पण ते पान मला आजही जसेच्या तसे दिसते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. पन्नास रुग्णांमागे दोन सिस्टर असल्या की चार्टवर न मोजताच ९८.६ लिहिले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ताई, वेळ मिळाला नाही तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना पाहून कोणीतरी मोजायला जाईल, ९८.६ पाहून कोणीही जाणार नाही.

उत्तर : टाका

मी सर्जन आहे. पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा ३८.२ आणि सहाव्या दिवशीचा ३७.८ यांतल्या फरकाविषयी विचारलेत, हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण अनेक निवासी डॉक्टरांनाही तो पडत नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे शरीराच्या दृष्टीने इजाच. पेशी दुखावल्या की इंटरल्युकिन-६ सारखी रसायने रक्तात येतात, ती मेंदूतल्या तापमान-नियंत्रक केंद्राला पातळी वर न्यायला लावतात, आणि कोणताही जंतू नसताना ताप येतो. जितकी मोठी शस्त्रक्रिया तितका हा ताप येण्याची शक्यता अधिक. पहिल्या ४८ तासांतला बहुतेक ताप याच जातीचा असतो आणि आपोआप उतरतो. आमच्या पिढीला तो फुप्फुसाचा तळ मिटल्यामुळे येतो असे शिकवले गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून तसा समज झाला असावा, पण एकामुळे दुसरी होते असा पुरावा मिळालेला नाही. श्वासाचे व्यायाम करून घ्यावेतच, मात्र ते न्यूमोनिया टाळण्यासाठी.

तरीही पहिल्या दोन दिवसांतला ताप डोळे मिटून सोडून द्यायचा नसतो. आपण वर्णन केलेल्या सर्जननी पोट तपासले आणि श्वास मोजला, यातच त्यांचे उत्तर आहे. स्ट्रेप्टोकोकस किंवा क्लोस्ट्रिडियम यांचा जखमेतला झपाट्याने पसरणारा संसर्ग पहिल्या ४८ तासांतच डोके वर काढू शकतो. तो दुर्मीळ आहे, पण जखम उघडून पाहिली नाही तर जीव जातो. जखम दिसते त्या मानाने असह्य दुखणे, कडेने पसरत जाणारा काळसर-जांभळा रंग, दाबल्यावर कुरकुर लागणे, पातळ करडा स्राव, यांतले काहीही दिसले तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. रुग्णाला रक्त चढवणे चालू असताना तापमान एका अंशाने चढले तर ते चढवणे आधी थांबवावे आणि मग कळवावे. भुलीच्या काही वायूंमुळे किंवा सक्सिनिलकोलिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे येणारा मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा आणखी एक दुर्मीळ प्रकार. तो बहुधा थिएटरमध्येच उघड होतो, त्यात स्नायू ताठरतात, तापमान भराभर चढते, आणि डॅन्ट्रोलिन हे औषध तत्काळ द्यावे लागते.

तिसऱ्या दिवसानंतर चित्र पालटते. इजेचा ताप एव्हाना ओसरलेला असायला हवा, म्हणून नव्याने आलेला किंवा उतरून पुन्हा चढलेला ताप कारण मागतो. लघवीची नळी किती दिवस आहे, सलाइनची शीर लाल आणि दोरीसारखी कडक झाली आहे का, खोकला आहे का, पोटरी एका बाजूला सुजली आहे का, हे क्रमाने पाहावे. जखमेचा नेहमीचा संसर्ग साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून पुढे दिसू लागतो, आतड्याच्या जोडाची गळतीही बऱ्याचदा याच सुमारास कळते. सहाव्या दिवशीचा ३७.८ मला दुसऱ्या दिवशीच्या ३८.२ पेक्षा अधिक अस्वस्थ करतो तो यामुळे. त्या दिवशी तापमान खाली बसलेले असायला हवे होते.

वृद्ध, स्टिरॉइड घेणारे आणि कुपोषित रुग्ण यांच्याविषयी मला विशेष काळजी वाटते. त्यांना गंभीर संसर्गातही अनेकदा ताप येत नाही; कधी कधी तर ते उलट गार पडतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची न्यूज-२ ही गुणपद्धती २०१७ पासून वापरात आहे. तिच्यात ३९.१ किंवा त्याहून जास्त तापाला २ गुण आहेत, तर ३५ किंवा त्याहून कमी तापमानाला ३. गार पडणे हे ताप चढण्यापेक्षा अधिक धोक्याचे मानले आहे, ही गोष्ट वॉर्डात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो. चौथ्या दिवशी ३५.४ दिसले तर ‘थंडी आहे’ असे म्हणू नका. नाडी, श्वास, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण पाहा. आणि रुग्ण आज तुम्हाला ओळखतो आहे का, तेही पाहा.

प्रश्न : मुलगा

मधेच विचारतो, क्षमस्व. आईची खुब्याची शस्त्रक्रिया होऊन आज पाचवा दिवस आहे आणि तिला काल घरी सोडले. तापमान मोजायला सांगितले आहे, पण किती वेळा आणि किती झाले की कळवायचे हे सांगितलेले नाही. काल संध्याकाळी ९९.४ होते, आज सकाळी ९७.८. हे चढ-उतार चिंतेचे आहेत का?

उत्तर : जुनी सिस्टर

निरोगी माणसाचेही तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते, साधारण अर्ध्या सेल्सियस अंशाचा म्हणजे जवळपास एक फॅरनहाइटचा फरक सहज पडतो. आईच्या आकड्यांत थोडा अधिक आहे, पण दोन्ही वेळा जागा आणि पद्धत एकच होती का ते आधी पाहा. मी सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी, पॅरासिटामॉलची गोळी देण्याच्या आधी, काखेत मोजायला सांगेन, आणि मधे अंग कणकणले किंवा थंडी भरून आली तर त्या क्षणी आणखी एकदा. एका वहीत तारीख, वेळ, आकडा आणि गोळीची वेळ लिहा. रुग्णालयात दाखवायला नेताना ती वही सोबत न्या.

१००.४ किंवा त्याहून अधिक आले तर त्याच दिवशी रुग्णालयात कळवा. आकडा त्याखाली असला, पण जखम लाल होऊन ओलसर झाली, दुखणे कालच्यापेक्षा वाढले, पोटरी सुजली, धाप लागली किंवा आई असंबद्ध बोलू लागली, तरीही कळवा. हाताच्या स्पर्शावर ताप ठरवू नका. आपले हात गार असले की प्रत्येकाला ताप असल्यासारखा वाटतो.

प्रश्नकर्ती : रातपाळी

सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, मी ते दोनदा वाचले. काल रात्रीपासून चार्टवर आकड्याशेजारी जागा आणि खाली पॅरासिटामॉलची वेळ लिहायला सुरुवात केली आहे. रात्री पावणेदहाला थिएटरमधून एक बाई आल्या, काखेत ३५.५ आणि जिभेखाली ३५.७, कमरेखाली भूल. विचारले तर म्हणाल्या, ‘नाही, थंडी नाही वाजत.’ गरम हवेचे यंत्र शेजारच्या वॉर्डातून मागवले आणि जिभेखालीच दर अर्ध्या तासाने मोजत राहिले : ३५.८, ३५.९, ३६.२, ३६.४. साडेअकरानंतर पाय हलवू लागल्या. बारा वाजता ३६.६ झाले, तेव्हा यंत्र बंद केले, आणि त्यांनी पांघरूण स्वतःच गुडघ्यापर्यंत खाली सारले.

आजोबांना परवा घरी सोडले. त्यांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला तो पुन्हा आला नाही. मधल्या सगळ्या नोंदी मी पुन्हा काढून पाहिल्या. त्यांत चार ठिकाणी ९८.६ आहे, आणि त्यांपैकी दोन माझ्या हस्ताक्षरात आहेत. ते मोजून लिहिले होते की नाही, हे मला आठवत नाही.